नाही म्हणायची रीत

अगं, आधी तू नुसतं ऐक. मध्ये 'अय्या' नि 'हो का' करू नकोस, माझं सगळं विसकटतं. सुरुवातीपासून सांगते.

रूफिना आठवते ना? तात नाबोरची पोरगी, चर्चच्या मागच्या उतारावर घर. तू लहानपणीच मेक्सिको शहरात गेलीस, तुला ती शेंबडी रूफिना आठवत असेल. आता बघशील तर ओळखणार नाहीस. तिच्या हातचं विणलेलं कुएत्सालानच्या बाजारात बायका उलटंसुलटं करून बघतात, टाका कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते शोधतात, आणि सापडत नाही म्हणून चिडतात. अशी ती.

तर ही रूफिना लाउरोवर जीव लावून बसली होती. लाउरो म्हणजे वरच्या अंगाला जिची कॉफीची बाग आहे ना, त्या नान ओतिल्याचा मुलगा. त्याची बायको बाळंतपणात गेली. मागे राहिली एक चिमुरडी, मिका. आता तीन वर्षांची असेल, गालावर खळी, बोलते भरपूर, कळतं त्यातलं अर्धं.

हे दोघं झऱ्यावर भेटायचे. रूफिना घागर घेऊन जायची, लाउरो पोरीला पाठीवर बांधून यायचा. म्हणजे कुणी बघितलं तर काय, बाप पोरीचं तोंड धुवायला आलाय! आणि खरं सांगू का, त्या पोरीचाच तिला जास्त लळा. रूफिना तिच्या केसांत रंगीत लोकरीचे धागे गुंफायची. पोरगी घरी जाऊन आजीला दाखवायची, 'फिनानं केलं, फिनानं केलं.' आता तूच सांग, असं गुपित किती दिवस गुपित राहणार?

पण लाउरोनं ठरवलं होतं सगळं. कॉफीची तोडणी उरकली की तात तिबुर्सियोला मागणी घालायला पाठवायचं. तिबुर्सियो म्हणजे गावातला बोलका म्हातारा. तुला माहितीये, आपल्यात मुलगा स्वतः तोंड उघडत नाही. म्हातारा जातो, सोबत पाव, चॉकलेट, फुलं घेऊन. आणि मग आपल्या जुन्या भाषेत असा बोलतो, असा बोलतो, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. शाळेतले मास्तर एकदा वर्गात म्हणाले, 'अ‍ॅझ्टेक लोक फार सुंदर भाषा बोलत होते.' होते! खिडकीबाहेर हाच तिबुर्सियो उभा होता, नातवाचा डबा घेऊन. आत डोकं घालून म्हणतो कसा, "मास्तर, होते म्हणजे? मग मी काय टर्की कोंबडा आहे का?"

तर असं सगळं छान चाललं होतं. आणि मग मिका पाण्यात पडली.

कुठे पडली? झऱ्याखालच्या डोहात. केव्हा पडली? हे दोघं बोलत बसले होते तेव्हा. लाउरोनं पोरीला पाठीवरून खाली सोडलं होतं, ती दगड गोळा करत होती, आणि हे दोघं आपले, कोणत्या खोलीला कुठलं दार नि चूल कुठे मांडायची. धप्प आवाज झाला. लाउरोनं उडी घेतली, काढली लगेच. काही लागलं नाही, पाणीही फारसं पोटात गेलं नाही. पण पोरगी रडलीच नाही गं. नुसती डोळे मोठे करून बघत राहिली. त्या दिवसापासून ताप. दवाखान्यातल्या नर्सनं औषध दिलं, ताप उतरला, परत चढला. जेवण नाही, खेळणं नाही, झोपेत दचकायची.

दोघांनी घरी काय सांगितलं? लाउरो म्हणाला, "मी तोंड धुवायला वाकलो होतो." रूफिना काहीच म्हणाली नाही, कारण ती तिथे नव्हतीच ना! ती तर पाणी भरून केव्हाच घरी गेलेली!

आता पुढचं ऐक. शनिवारची सकाळ. रूफिना अंगणात विणत बसलेली. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं टोक पट्ट्यानं तिच्या कमरेला. तुला माहितीये, तसं बसलं की पटकन उठता येत नाही, ताण सुटला तर सगळे धागे गुंततात. आई चुलीपाशी मक्याचं पीठ मळत होती. तात नाबोर कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. आणि पायवाटेवरून कोण येतंय? तात तिबुर्सियो! पांढरे शुभ्र कपडे, टोपी हातात. मागे नान ओतिल्या, डोक्यावर टोपली, टोपलीवर भरतकामाचा रुमाल. आणि त्यांच्या मागे लाउरो.

रूफिनाच्या छातीत काय झालं असेल! तिला वाटलं, आला! तोडणी व्हायच्या आधीच आला! त्याला दम निघाला नाही! तिनं खाली मान घातली, गाल तापले, हात आपले उगाचच धाग्यांवरून फिरताहेत. मनात म्हणते, आता मी उठून आत जायला हवं, मागणीच्या वेळी मुलगी समोर नसते. पण उठणार कशी, कमरेला माग.

"नाबोर, घरात आहेस का रे?" तिबुर्सियो फाटकातून म्हणाला. समोर दिसतोय तरी विचारायचं, रीतच ती.

"आहे, आहे. या, म्हातारबाबा. आज काय, उन्हाला सुट्टी दिली का?"

"ऊन माझ्याहून म्हातारं आहे, त्याला कोण सुट्टी देणार!"

हसले सगळे. मग तिबुर्सियो हसायचं थांबला. आणि, हे बघ हं, तो नाबोरकडे वळला नाही. तो वळला रूफिनाकडे.

तिनं मान वर केली. तेव्हा तिला दिसलं, ओतिल्याच्या हातात मेणबत्ती आहे. लांब, पांढरी, रिबिन बांधलेली. आणि लाउरोच्या पाठीवर शालीत गुंडाळलेली मिका, डोकं बापाच्या मानेवर टाकून. लाउरो जमिनीकडे बघतोय.

मागणीला मेणबत्ती नसते गं. मेणबत्ती असते मानलेल्या आईला.

कळलं का तुला? नाही कळलं. थांब, सांगते. पोर असं भ्यालं, त्याचा जीव पाण्यात राहिला, की त्याला नवी आई मानायची. तिनं पोराला पाण्यापाशी न्यायचं, नाव घेऊन बोलवायचं, मग चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. आता ती बाई त्या पोराची मानलेली आई झाली. आणि पोराच्या बापाची? कोमाले. तो तिचा कोंपाले. सख्ख्या भावाबहिणीपेक्षा घट्ट नातं, मेल्यावरही न सुटणारं. कोमाले आणि कोंपाले यांच्यात तसलं काही? छे! नुसता मनात विचार आला तरी पाप. खालच्या वळणावर ते दोन मोठे दगड आहेत ना एकमेकांना टेकलेले, ते कोण म्हणून सांगतात? असेच एक कोंपाले नि कोमाले, पाप केलं नि दगड झाले.

म्हणजे मेणबत्ती हातात घेतली की लाउरो संपला. कायमचा.

आणि नाही घेतली तर? आजारी पोरासाठी मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. कुणीच म्हणत नाही. नाही म्हटलं नि पोराचं बरंवाईट झालं, तर ते कुणाच्या डोक्यावर?

आणि तिचीच निवड का? तर झाडपाला देणाऱ्या म्हातारीनं मिकाला विचारलं होतं, "बाळा, कुणाचा हात धरून घरी येशील?" आणि पोरगी काय म्हणाली असेल? फिना. दुसरं कुणाचं नाव तिच्या ओठावर येणार? लळा लावला कुणी?

तिबुर्सियो बोलायला लागला. आपली ती भाषा, एकेक शब्द दोनदोनदा फिरवून, जणू देव्हाऱ्यातली भांडी घासून मांडतोय. "हे लेकी, हे फुला. आम्ही धूळ आहोत, आम्ही तुझ्या उंबऱ्यावर आलो आहोत. आमचा हिरवा मणी पाण्यात पडला. आमचं मोलाचं पीस ओलं झालं. आपण हात द्यावा. आपण हाक मारावी. आपल्या हाकेनं ते घरी येईल."

कालपर्यंत 'ए पोरी, तंबाखू आण' म्हणणारा म्हातारा, आणि आज 'आपण'!

रूफिनाला काय सुचलं माहितीये? तिनं ठरवलं, स्पष्ट नाही म्हणायचं. कारण काही सांगायचं नाही, फक्त नाही. म्हणाली, "आजोबा, मी याला लायक नाही. माझे हात मातीचे आहेत. तुम्ही चुकीच्या दारात आलात. दुसरं घर बघा."

अगदी मनापासून म्हणाली बिचारी.

आणि तिबुर्सियोनं डोळे मिटले, मान डोलावली. "वा," म्हणाला. "वा! नाबोर, काय वळण लावलंयस पोरीला!"

कारण गं, रीतच आहे तशी! पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. मी लायक नाही, माझे हात मातीचे, दुसरं घर बघा. हेच शब्द! पटकन हो म्हणेल ती हावरट, निर्लज्ज. नाही म्हणेल ती घरंदाज. आजकालच्या पोरी लाजून नुसतं 'बरं' म्हणतात नि मोकळ्या होतात. आणि हिनं कसं, अगदी आजीबाईंसारखं नाकारलं!

नाबोरची छाती अशी फुगली. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली नि डोळे पुसायला लागली, गालाला पीठ.

रूफिनाच्या लक्षात आलं काय झालं ते. म्हणाली, "नाही, आजोबा, तसं नाही. मी खरं सांगतेय."

"खरंच सांगतेय ती," ओतिल्या हळूच म्हणाली, "ऐका हं."

तिबुर्सियोनं दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी अजून गोड, अजून लांब. त्यात मिकाच्या मेलेल्या आईचा उल्लेख, तिच्या थडग्यावरच्या झेंडूचा उल्लेख. पाठीवर पोरगी खोकली. लाउरोनं तिला सावरलं, पण मान वर नाही म्हणजे नाही.

आणि रूफिना आता जीव तोडून बोलली. "माझं मन स्वच्छ नाही, आजोबा! मी तिला हात लावला तर तिचं वाईट होईल. माझ्यामुळे वाईट झालंय. मी डोळे असून आंधळी आहे, माझ्यासमोर मणी पडला तरी मला दिसत नाही. माझ्यासारखीच्या हातात पोर देऊ नका!"

सांगितलंच की तिनं! सगळं सांगून टाकलं! समोर पडली, मला दिसली नाही, असं चक्क सांगितलं!

आणि तिबुर्सियो रडायला लागला.

"ऐकलंत?" म्हणाला. "डोळे असून आंधळी! हे शब्द माझ्या आजीच्या तोंडचे. आजीनंतर मी हे कुणाकडून ऐकलं नव्हतं. कुठे शिकलीस गं पोरी? आणि ते मास्तर म्हणतात, संपली भाषा! बोलवा त्यांना, बोलवा इथे!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा. जितकं खरं बोलावं तितकं ते सुंदर ठरत होतं. जितकं नाही म्हणावं तितकं ते हो होत होतं. अख्ख्या त्या भाषेत तिला खरंखुरं 'नाही' सापडेना.

मग तिला स्पॅनिश आठवलं. दोन शब्द: नो किएरो. मला नको. बस. ते कुणी रीत समजलं नसतं. पण आपल्या अंगणात स्पॅनिश कुणाशी बोलतात? पोलिसाशी, दलालाशी, नि कुत्र्याला हाकलताना. त्या म्हाताऱ्याच्या ओल्या डोळ्यांवर ते दोन शब्द फेकायचे? तिबुर्सियो परत कुठल्या दारात तोंड उघडणार नाही. आणि बाप? बाप कुऱ्हाड खाली ठेवून आत जाईल, आणि मग आयुष्यभर तिच्याशी गरजेपुरतं बोलेल.

की सरळ सांगायचं, 'मी याची कोमाले होऊ शकत नाही, मी याची बायको होणार आहे'? मग पहिला प्रश्न ओतिल्याचा: कधी ठरलं? दुसरा: कुठे भेटत होतात? आणि तिसरा, तो तिला लाउरोच्या मानेवरच्या त्या चिमुकल्या डोक्याकडे बघितल्याबरोबर ऐकू आला. मग पोरगी पडली तेव्हा तुम्ही दोघं काय करत होतात?

उठून पळावं तर कमरेला पट्टा.

आता तिसरी वेळ. तिसऱ्यांदा म्हातारा विचारत नाही. तिसऱ्यांदा पोराचा बाप पुढे येतो. आणि तिसऱ्यांदा गप्प राहिलं तर ते हो.

लाउरो पुढे आला. आणि रूफिनाला एकदम हायसं वाटलं! म्हणजे बघ, तिला वाटलं, किल्ली याच्याकडे आहे. यानं फक्त 'फिना' म्हणायचं. रोज म्हणतो तसं. अगदी साधं 'फिना'. कोमाले होणाऱ्या बाईला कुणी असं हाक मारत नाही. सगळ्यांना कळेल, बोभाटा होईल, ओतिल्या कांगावा करेल, होऊ दे! दोघं मिळून मार खाऊ. दोघं मिळून सांगू, हो, आमच्याच डोळ्यांदेखत पडली.

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो घामानं भिजला होता. पोरीचा श्वास मानेवर लागत असणार त्याला, गरम. ओठ हलले. थांबले. परत हलले.

"कोमालेत्सीन," लाउरो म्हणाला.

नुसतं कोमालेही नाही गं. आदराचं शेपूट लावून. आपण आमच्या लेकराला हाक मारावी, कोमालेत्सीन.

रूफिना मला म्हणाली, त्या क्षणी तिला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं फक्त. आणि तेवढ्यात शालीतून एक हात बाहेर आला. मिकानं डोळे उघडले होते. "फिना," ती म्हणाली, "फिना, घे."

सगळ्या अंगणात साधं बोलणारी ती एकटीच.

ओतिल्यानं मेणबत्ती पुढे धरली. रूफिनानं घेतली. लाउरोसाठी नाही घेतली, असं ती शपथेवर सांगते. मग लाउरोनं वाकून तिच्या हाताच्या पाठीवर ओठ टेकवले, नव्या कोमालेला टेकवतात तसे. चारचौघांसमोर त्यानं तिचा हात हातात घेतला तो हा पहिल्यांदा. आणि तेवढाच. आणि तिला म्हणावं लागलं, "आपलं दुःख ते माझं दुःख, कोंपालेत्सीन." आईनं येऊन तिच्या कमरेचा पट्टा सोडला.

दुपारी डोहावर गेले सगळे. झाडपालावाल्या म्हातारीनं फांदीनं पाण्यावर फटके मारले, नि रूफिनानं हाक मारली, "मिका, चल. इथे राहू नको. इथे गार आहे. घरी चल, मिका." त्याच दगडावर उभी राहून गं, जिथे ते दोघं बसायचे! ती हाक मारत राहिली, आवाज बसेपर्यंत. पोरगी तिच्या कडेवर, आणि लाउरो लांब उभा, टोपी छातीशी धरून. कोमालेच्या फार जवळ उभं राहत नाहीत.

पोरगी बरी झाली. हो, झाली! रविवारी मक्याची टोर्टिया खाल्ली मीठ लावून, सोमवारी कोंबड्यांच्या मागे पळत होती. नर्स म्हणते माझ्या औषधानं, म्हातारी म्हणते माझ्या फांदीनं, तिबुर्सियो म्हणतो माझ्या भाषणानं. तिघांचं अजून भांडण चाललंय.

त्या सकाळी अंगणातून निघताना ओतिल्यानं पावाची टोपली रूफिनाच्या मांडीवर ठेवली होती, नि रुमाल सारखा करता करता तिच्या कानाशी म्हणाली होती, "नातीला सावत्र आई काय, आणता येते कुठूनही. मानलेली आई तुझ्यासारखी मिळत नाही." आणि गालाला हात लावला, मायेनं. आता ओतिल्याला या दोघांचं माहीत होतं की नव्हतं? रूफिना म्हणते माहीत होतं. मी म्हणते केसांतले धागे बघूनच कळलं असणार. पण त्या बाईच्या हातात मेणबत्ती दिली कुणी? मिकानंच ना, फिनाचं नाव घेऊन?

आणि आता कसं आहे सांगू? लाउरो वाटेत भेटला की टोपी काढतो. ती थांबते. "आपली पहाट बरी गेली ना, कोमालेत्सीन?" "देवाच्या कृपेनं, कोंपालेत्सीन." दोघं जमिनीकडे बघतात. मग मिका बापाचा हात सोडून धावत येते नि हिच्या स्कर्टला मिठी मारते, आणि सोडत नाही, तिला ओढून काढावं लागतं. हे असं रोज. गाव केवढंसं आहे, वाट एकच. लाउरोसाठी पलीकडच्या गावात पोरगी बघताहेत म्हणे, आणि मागणीला जाताना लेकराची मानलेली आई सोबत लागते, पहिल्या रांगेत, फुलं धरून. तिबुर्सियोनं तर आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या रूफिनाला दोन शब्द बोलायला लावणार, तिच्यासारखं बोलतं कोण!

तिनं मला विचारलं, मी तिसऱ्यांदा तोंड उघडायला हवं होतं का? तेच मी तुला विचारते गं. तू शहरात राहतेस, तुला धडाधड नाही म्हणता येतं. त्या अंगणात, कमरेला माग, समोर म्हातारा रडतोय, आणि तो शालीतला हात तुझ्याकडे आलाय... तू काय केलं असतंस?